चुकलेल्या गोळ्या

आज प्रेपची, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीची, तीन महिन्यांची तपासणी होती. एचआयव्ही निगेटिव्ह, क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची चाचणी) ठीक. मग समुपदेशकाने विचारलं, "प्रेपच्या किती गोळ्या चुकल्या?" मी गप्पच झालो. शेवटी खरं सांगितलं, महिन्याभरात सहा-सात. विसरलो नव्हतो. घरी पाहुणे होते, त्यांच्यासमोर डबी काढायची हिंमत झाली नाही. "कसली रे गोळी?" एवढ्या प्रश्नाची धास्ती. आपण गे आहोत हे घरात अजून बोललो नसलो की गोळीसुद्धा लपवावी लागते.

तो रागावला नाही, आणि त्यामुळेच माझे डोळे भरून आले. २०१० च्या आयप्रेक्स अभ्यासाबद्दल त्याने सांगितलं: गोळी दिलेल्यांमध्ये संसर्ग एकूण ४४ टक्क्यांनी कमी, पण ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं त्यांना संरक्षण कितीतरी जास्त. नियमित घेतली तर लैंगिक संबंधांतून लागण होण्याचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी घटतो. (सिफिलिस, गनोरिया ती थांबवत नाही, म्हणून त्याही चाचण्या करून घेतल्या.)

आता डबी चष्म्याशेजारी ठेवलीय, रात्री साडेनऊचा गजर लावलाय. मित्रांनो, कुणी असंच लपूनछपून घेत असाल तर मेसेज करा. माझी घेतली की तुम्हालाही आठवण करून देईन.