स्लज बसेना तेव्हा

वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, मी काम करतो. ऐन गळीत हंगामात क्लॅरिफायरमधला (पाणी निवळण्याच्या टाकीतला) स्लज, म्हणजे पाणी साफ करणाऱ्या जिवाणूंचा गाळ, तळाला बसेनासा झाला आणि काठावरून पाण्याबरोबर वाहू लागला. ते पाणी लगेच साठवण तळ्यात वळवलं. पुढे ओढा आणि ओढ्यापुढे कृष्णा, त्यामुळे जिवाला घोर होता.

सल्ले भरपूर आले: शेण टाका, जिवाणूंचं कल्चर मागवा, हवेचे ब्लोअर वाढवा. आधी कारण शोधायचं, असं मी ठरवलं. एरिएशन टँकचं (जिवाणूंना हवा देण्याच्या टाकीचं) पाणी लिटरच्या सिलेंडरमध्ये अर्धा तास ठेवलं, तर स्लज ९०० मिलीवरच. एमएलएसएस, म्हणजे टँकमधल्या गाळाचं प्रमाण, लिटरला ३,००० मिलिग्रॅम होतं, म्हणजे एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ किती मिली जागा व्यापतो, तो आकडा) ३००. दीडशेच्या वर गेला की सावध व्हायचं. मग तेच पाणी प्रक्रिया केलेल्या पाण्यात निम्मं करून पुन्हा ठेवलं. तरीही बसेना. म्हणजे स्लज नुसता जास्त झाला होता, असं नव्हतं. मायक्रोस्कोपखाली तंतूसारखे लांबच लांब जिवाणू दिसले. असे तंतू स्लजच्या गोळ्यांना एकमेकांजवळ येऊच देत नाहीत.

तंतू कमी ऑक्सिजनमुळे वाढतात, सडक्या पाण्यातल्या सल्फाइडमुळेही, आणि नत्र-स्फुरदाच्या उपासमारीनेही. टँकच्या चारी कोपऱ्यांत डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरला २ मिलिग्रॅमच्या वर होता आणि येणाऱ्या पाण्याला सडका वास नव्हता. मग बाहेर पडणाऱ्या पाण्यातला अमोनिया (नत्रासाठी) आणि फॉस्फेट (स्फुरदासाठी) तपासलं. दोन्ही जवळजवळ शून्य! साखरेच्या सांडपाण्यात कार्बन मुबलक, पण नत्र-स्फुरद नावालाच. जिवाणूंना १०० भाग बीओडीमागे (सेंद्रिय घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) ५ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद लागतो. उसाला आपण जे घालतो, तेच इथे घालायचं होतं: १०० किलो बीओडीला साधारण ५ किलो डीएपी आणि ९ किलो युरिया. एकदम ओतायचं नाही, विरघळवून दिवसभर थेंबथेंब सोडायचं.

क्लॅरिफायरमधून टँकमध्ये परत जाणाऱ्या स्लजमध्ये थोडं क्लोरीनही दिलं. गोळ्याबाहेर आलेले तंतू आधी मरतात, पण उपासमार तशीच राहिली तर ते पुन्हा येतात, म्हणून माझ्या मते क्लोरीन हा फक्त वेळ काढण्याचा उपाय. खरा फरक हळूहळू पडला, कारण जुना स्लज काढून नवा तयार व्हावा लागतो.

आता डोस रोजच्या बीओडी लोडवर ठरतो. सफाईसाठी गाळप थांबलं की युरियाही त्याच पाळीत कमी करतो, नाहीतर उरलेला अमोनिया पाण्याबरोबर बाहेर जातो.