बारा नंबरची नोंद

आमच्या अस्थिरोग वॉर्डात पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला जेमतेम अर्धे मिनिट येते, आणि त्या वेळात चिकटलेले विशेषण पुढच्या सगळ्या पाळ्यांत त्याची पाठ सोडत नाही. मांडीचे हाड मोडून आलेल्या बारा नंबरबद्दल मी सकाळच्या सिस्टरना सांगितले होते, “बेवडा आहे, सारखी बेल वाजवतो, फार मनावर घेऊ नका.” वाक्य माझे होते, म्हणून हे लिहिते आहे.

तिसऱ्या रात्री मी पुन्हा पाळीवर होते. तो चादरीवरून न दिसणारे काहीतरी चिमटीने उचलून खाली टाकत होता, अंग घामाने निथळत होते, नाडी 124 होती. शिकाऊ डॉक्टरांनी फोनवरच सांगितले, “नाटके आहेत, हात बांधा.” त्यांना तरी काय बोलणार? त्यांच्यापर्यंत माझेच वाक्य पोहोचले होते.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात आणि साधारण 48 ते 96 तासांत जिवावर बेतणारा भ्रम सुरू होऊ शकतो. त्याने दाखल होताना रोज किती पितो आणि शेवटची कधी घेतली हे काहीही न लपवता सांगितले होते आणि ते मीच फॉर्मवर लिहिले होते. रुग्णाला हात पुढे करून बोटे फाकवायला सांगावीत आणि त्याच्या बोटांच्या टोकांना आपली बोटे टेकवावीत. डोळ्यांना न दिसणारी थरथर तिथे आधी लागते. पहिल्या दिवशी एवढे केले असते, तर बेल कशासाठी वाजते आहे हे कदाचित तेव्हाच समजले असते. त्या रात्री मात्र बोटे टेकवण्याची गरजच उरली नव्हती, पलंगाचा कठडा खडखडत होता. शिवाय सकाळपासून ग्लुकोजची सलाईन चालू होती आणि अशा रुग्णाला जे आधी द्यायचे ते थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, कुणीच लिहिले नव्हते.

वरिष्ठ डॉक्टरांना मी झोपेतून उठवले. श्वासावर लक्ष ठेवत शिरेतून थोडे थोडे डायझेपाम हे शांत करणारे औषध आणि थायमिन देत पहाट झाली. नंतर मनोविकारतज्ज्ञांनी कागदावर ‘मद्यवापर विकार’ असे लिहिले, तेव्हा आमच्यापैकी एक-दोघी हसल्या. अमेरिकन निदानपुस्तिकेने 2013 साली ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबित्व’ हे वेगवेगळे शिक्के काढून एकच ‘विकार’ ठेवला, तो शब्द गोड वाटावा म्हणून नव्हे, हे मी त्यांना सांगायला हवे होते. सांगितले नाही.

शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, “सिस्टर, मी काही वाईट बोललो का?”

वर्षभराने सळी काढण्यासाठी तो पुन्हा दाखल झाला. फॉर्म माझ्याच हातात होता. दारूच्या रकान्यापाशी आले तेव्हा त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “नाही, अजिबात नाही.” मी तसे लिहिले, मग पेन खाली ठेवून त्याला हात पुढे करायला सांगितले.