तुम्ही विचारलंत म्हणून: कॉइलचा कोड आला, कॉइल बदलू?

गणपतीच्या आधीचे आठ दिवस माझा फोन गाड्यांच्या इंजिनापेक्षा जास्त तापतो. विचारणारा बहुधा चाकरमानी, गाडी खारेपाटण नाहीतर नांदगाव तिठ्याच्या आसपास कडेला घेतलेली, बायकापोरं आत खोळंबलेली, आणि प्रश्न ठरलेला: “मोबाईलवर पी०३५१ दाखवतंय, इग्निशन कॉइल लिहिलंय. म्हणजे कॉइल गेली ना? नवीन टाकून घेऊ?” हल्ली हजारभर रुपयांत ब्लूटूथवालं स्कॅनर मिळतं. स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात खोचलं की कोड हातात. मी देवगडजवळ जामसंड्याला ऑटो इलेक्ट्रिकची कामं करतो. फोनवर “थांबा, बदलू नका” एवढंच सांगून होतं, का ते सांगायचं राहून जातं. ते इथे लिहितो.

त्या कोडचं पूर्ण नाव “इग्निशन कॉइल ए, प्रायमरी किंवा सेकंडरी सर्किट” असं आहे. मोबाईलच्या पट्टीवर “सर्किट” हा शब्द बऱ्याचदा कापला जातो, आणि सगळी गोम नेमकी त्यातच आहे. विहिरीवरचा पंप चालू करून टाकीत पाणी आलं नाही, तर आपण थेट नवीन पंप आणत नाही. फूटव्हॉल्व्ह बघतो, पाइप बघतो, स्टार्टरला लाइट येतेय का बघतो. कॉइलचंही तसंच आहे. तिला बारा व्होल्ट देणारी वायर, मधला कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड), ईसीएमकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे जाणारी वायर आणि खुद्द ईसीएम, हे सगळं मिळून सर्किट. या वाटेवर काहीतरी बिघडलंय एवढंच कोड सांगतो.

ईसीएमला हे कळतं कसं? तो कॉइलच्या प्रायमरी गुंडाळीतून काही मिलिसेकंद करंट जाऊ देतो आणि झटक्यात तोडतो. तोडताच प्रायमरीत काहीशे व्होल्टचा उसळा येतो आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. बऱ्याच गाड्यांत ईसीएम हा उसळाच तपासत असतो. तो आला नाही, किंवा मरगळलेला आला, की मीटरवरची इंजिनाची लाइट लागते. कॉइल डोळ्यांनी बघायची सोय त्याला नाही.

पी०३०१ आला तर गोष्ट निराळी. पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यामागे प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. गणपती आणायला जायचं म्हणून इंजिनावर प्रेशरने पाणी मारतात, ते प्लगच्या खड्ड्यात साचतं आणि हाच कोड येतो. (इंजिन धुवायचा हा सोस मला आजतागायत कळलेला नाही. देव बॉनेट उघडून बघत नाही.) आणि ०३५१ पासून ०३५४ पर्यंत चारही कोड एकदम आले, तर चार कॉइली एका दिवशी मेल्या असं समजू नका. चौघींचा सामाईक फ्यूज, रिले, नाहीतर अर्थिंगची वायर बघा.

आता गेल्या वर्षीची एक गाडी. मालकांना सगळे भाऊ म्हणतात, रिटायर्ड मास्तर, घर अगदी समुद्राकडेला. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी वर्षभर खळ्यात माडाखाली उभी असते, मुलगा मुंबईहून आला की फिरते. लाइट लागली, गाडी मिसिंग मारायला लागली. एका गॅरेजवाल्याने कोड वाचून कॉइल बदलली, कोड पुसला, पैसे घेतले. वीस किलोमीटरवर लाइट परत हजर. “डुप्लिकेट निघाली असेल” म्हणून दुसरी कॉइल, या वेळी कंपनीची. तिचंही तेच. भाऊ माझ्याकडे आले ते कापडी पिशवीत दोन कॉइली घेऊन. “मेस्त्री, आता तिसरी घालूक माका जमाचा नाय.”

पहिलं काम फुकटातलं. एक नंबरची कॉइल दोन नंबरवर, दोनची एकवर. कोड पुसून गाडी चालवली. कॉइल खराब असती तर कोड तिच्यामागे जाऊन पी०३५२ झाला असता. पण तो ०३५१ वरच राहिला. म्हणजे दोष कॉइलीत नाही, जागेत आहे. दहा मिनिटांचं हे काम आधी कोणी केलं असतं तर भाऊंचे सहा हजार वाचले असते. पण मी फार बोलू नये, मीही सुरुवातीच्या काळात कोड वाचून कॉइली विकल्यात.

या गाडीच्या कॉइलला दोनच वायरी, एक बारा व्होल्टची आणि एक ईसीएमकडे जाणारी. (तीन-चार वायरींच्या कॉइलीही असतात, त्यांचं तपासणं थोडं वेगळं.) कपलर काढला, चावी ऑन केली, मल्टिमीटर लावला: १२.३ व्होल्ट. इथे नवा माणूस फसतो. सप्लाय आहे म्हणतो आणि पुढे जातो. मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरीची एखादी तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. कॉइलला एका क्षणापुरते पाच-सात अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून कुठून येणार? म्हणून मी इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब दोन वायरी जोडून गळ्यात घालून ठेवलाय. तो सप्लायच्या पिनेला आणि बॅटरीच्या मायनसला लावला. चुलीतल्या विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला, बस. बाकीच्या तीन कपलरांना लावला तर डोळे दिपवणारा उजेड. (हा बल्ब ईसीएमकडच्या वायरीला चुकूनही लावू नका. कॉइल राहिली बाजूला, ईसीएमचं बिल भरावं लागेल.)

मग वायर पकडून मागे मागे गेलो. कपलरच्या पिना ठीक होत्या. आपल्याकडे पहिला संशय तिथेच घ्यायचा. या पिनांना कथलाचा मुलामा असतो, सोप्या भाषेत कल्हई. इंजिनाच्या थरथरीने ती घासली जाते, उघड्या तांब्याला खारी हवा लागते, आणि बिनकल्हईच्या भांड्यात दही कळकावं तशी पिन कळकते. इथे तसं नव्हतं. टेप सोडत गेलो. कपलरपासून वीतभर अंतरावर वायर जरा फुगलेली आणि बोटाला कडक लागली. वरचं प्लास्टिक दिसायला धड. ब्लेडने चिरलं तर आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी, आणि मधून दोन-तीन तारा काळ्या पडून कशाबशा टिकलेल्या.

उंदराचं काम नव्हतं, दाताची खूण नव्हती. भिंगाखाली धरलं तेव्हा प्लास्टिकवर सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं. करंट बघायचा म्हणून कोणीतरी कधीतरी टेस्ट लॅम्पची टोकदार पिन वायरीत खुपसली होती. कोरड्या मुलखात त्याने फारसं बिघडलं नसतं. इथे आषाढ-श्रावणात कपडे चार दिवस वाळत नाहीत. त्या भोकातून खारट ओल आत शिरली आणि तांबं खात दोन्ही बाजूंना पसरत गेली.

खराब तुकडा कापला, लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे गेलो, तेवढ्याच जाडीची वायर जोडून डाक दिला, वर गोंदवाली हीटश्रिंक नळी. बल्ब लावला, बाकीच्या तिघांसारखाच उजेड. कोड पुसून तांबळडेगपर्यंत जाऊन आलो. लाइट लागली नाही.

हात पुसताना भाऊ म्हणाले, “दोन वर्सामागे तुझ्याकडेच इलेली गाडी, तेवा पण मिसिंगच होती.” मी वही काढली. नोंद होती: प्लग बदलले, वायरिंग चेक. त्या काळात माझा टेस्ट लॅम्प टोकदार पिनेचाच होता, आणि तो मी कुठे कुठे खुपसला ते वहीत लिहायची पद्धत नव्हती.

मजुरी किती, असं भाऊंनी तीनदा विचारलं. मी म्हटलं, चतुर्थी होऊ दे, मग बघू. आधीची जुनी कॉइल धडधाकट होती, तीच एक नंबरवर परत बसवली आणि कंपनीवाली पावतीसकट त्यांच्या पिशवीत टाकली. दुकानदाराने ती परत घेतली नाही, ती अजून त्यांच्या डिकीत आहे.