ड्रायव्हर पुन्हा टाकू नकोस, आधी कर्नलला विचार

"मामा, ग्राफिक्स कार्ड गेलं बहुतेक."

भाच्याचे संगणकाविषयीचे फोन असेच थेट निदानापासून सुरू होतात. लक्षणं विचारून काढावी लागतात. "कार्ड गेलं" यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. खरंच गेलेलं कार्ड एकतर काहीच दाखवत नाही, नाहीतर पडदाभर रंगीत चौकोनांची नक्षी काढतं. याच्याकडे डेस्कटॉप व्यवस्थित दिसत होता. फक्त १०२४ बाय ७६८ मध्ये, आयकॉन फुगलेले, आणि विंडो ओढली की ती अडखळत यायची. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये कार्डाचं नाव नव्हतं. सिस्टीमच्या माहितीत ग्राफिक्सपुढे 'एलएलव्हीएमपाइप' लिहिलेलं होतं. इथेच निम्मा उलगडा होतो. एलएलव्हीएमपाइप म्हणजे कार्डाऐवजी प्रोसेसरच चित्र रंगवतोय. बिचारा रंगवतो, पण त्याचं ते काम नाही.

पठ्ठ्याने सगळं एकाच संध्याकाळी केलं होतं. मदरबोर्डचं फर्मवेअर (त्याच्या चिपमधला मूळ प्रोग्राम) अपडेट केलं, मग डेबियन या त्याच्या लिनक्सचे साठलेले अपडेट घेतले, त्यात नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला. बिघडल्यावर त्याने बूट होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडून पाहिला, तिथेही तीच रड. दोन्ही कर्नलवर चालत नाही, म्हणजे कार्डच गेलं. तर्क वाईट नाही. फक्त तो एका गृहीतावर उभा आहे: बिघाड एकच आहे.

आता तो ड्रायव्हर (कर्नलला कार्ड चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) मुळापासून उखडून, कार्डाच्या कंपनीच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या, संकेतस्थळावरून '.रन' फाइल उतरवून बसवायच्या बेतात होता. म्हटलं, हात आवर. ती फाइल चालते, नाही असं नाही. पण ती एपीटीला (डेबियनच्या पॅकेज सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) न विचारता आपल्या लायब्ररी सिस्टीममध्ये ठेवते. पुढे कधीतरी पॅकेजमधून दुसरी आवृत्ती येते, दोघींची सरमिसळ होते, आणि मग कुठली फाइल कुणाची हे शोधत बसायचं. शिवाय मूळ कारण तिथेच राहतं. डिस्ट्रोच्या (इथे डेबियनच्या) भांडारात ड्रायव्हर असेल तर तोच घ्यावा, हे माझं मत आता पक्कं आहे.

फोनवर कमांड सांगणं हा एक वेगळाच व्यायाम आहे. "एल एस पी सी आय, सगळं लहान. स्पेस. वजाचं चिन्ह. त्याला चिकटून एन, एन, के." त्याने वाचून दाखवलं: कार्डाचं नाव आलं, आरटीएक्स ३०६०. म्हणजे पीसीआय बसवर कार्ड हजर आहे. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असायला हवी होती, ती नव्हती. ना एनव्हिडिया, ना नूवो.

नूवो का नाही, हे बऱ्याच जणांना कोड्यात टाकतं. नूवो हा एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर, २०१० पासून कर्नलमध्येच आहे. त्याने निदान वेळ तरी निभावायला हवी. पण एनव्हिडियाचं पॅकेज बसवताना नूवोला काळ्या यादीत टाकलं जातं, कारण एका कार्डावर दोघांचा ताबा चालत नाही. मग एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर चढला नाही की कार्डाला वालीच उरत नाही. फर्मवेअरने बूट होताना लावून दिलेला साधा फ्रेमबफर (पडद्यावरचं चित्र ठेवायची जागा) तेवढा राहतो. ते फुगलेले आयकॉन त्यातून येतात.

पुढची कमांड 'डीकेएमएस स्टेटस'. तिने सांगितलं की एनव्हिडियाचं मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चढणारा भाग) जुन्या कर्नलसाठी इन्स्टॉल्ड आहे. नव्या कर्नलची ओळच नाही. दोन्ही कर्नल ६.१२ मालिकेतलेच, शेवटचे आकडे तेवढे वेगळे, पण तेवढा फरक पुरतो. लिनक्स कर्नलच्या आतले दुवे आवृत्तीगणिक बदलू शकतात, ते स्थिर ठेवायचे नाहीत हे तिथलं जाणूनबुजून घेतलेलं धोरण आहे. त्यामुळे कर्नलबाहेरचं मॉड्यूल मापाने शिवलेल्या कपड्यासारखं ज्याचं त्यालाच बसतं. डीकेएमएस दर नव्या कर्नलसाठी ते नव्याने बांधतं. पण बांधायला त्या कर्नलच्या हेडर फाइली (त्या दुव्यांची वर्णनं) लागतात, आणि भाच्याकडे हेडर फक्त जुन्याच कर्नलचे होते. पूर्वी कुठल्यातरी मार्गदर्शिकेत वाचून त्याने नेमक्या आवृत्तीचं पॅकेज टाकलं होतं. 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे सामायिक पॅकेज टाकलं की दर नव्या कर्नलमागोमाग त्याचे हेडर आपोआप येतात. (नावातल्या एएमडीवर जाऊ नका, इंटेलच्या प्रोसेसरलाही हेच लागतं.)

ते टाकलं. 'डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' चालवलं, पंखे घुमले, मॉड्यूल बांधलं गेलं. बांधणी अर्ध्यात अडकली तर कारण 'व्हार-लिब-डीकेएमएस' खालच्या 'मेक.लॉग' मध्ये असतं. तो लॉग उघडलात तर पहिली एरर शोधा. शेवटची बहुतेकदा पहिलीचीच पिलावळ असते.

मग मॉड्यूल कर्नलमध्ये चढवायला 'मॉडप्रोब' केलं. उत्तर आलं, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

"मामा, कसली की? मी लायसन्स वगैरे काही घेतलेलं नाही."

ही दुसरी भानगड, आणि जुना कर्नलही का चालेना याचं उत्तर. फर्मवेअर अपडेट झाल्यावर मदरबोर्डच्या सेटिंग मूळपदावर गेल्या आणि सेक्युअर बूट चालू झालं. आधी ते बंद होतं, त्यामुळे प्रश्नच आला नव्हता. सेक्युअर बूट चालू असलं की डेबियनचा कर्नल विश्वासातल्या किल्लीची सही नसलेलं मॉड्यूल आत घेत नाही. डेबियनच्या स्वतःच्या मॉड्यूलवर डेबियनची सही असते. तुमच्या मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलवर डीकेएमएस स्वतःच एक किल्ली तयार करून सही करतं, पण ती किल्ली फर्मवेअरला ओळखीची नसते. जुन्या कर्नलचं मॉड्यूल जागेवर होतं, फक्त त्याला दारातूनच परत पाठवलं जात होतं.

सेक्युअर बूट बंद करून टाकणं हा झटपट उपाय, आणि घरच्या डेस्कटॉपवर तो करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण भाच्याच्या दुसऱ्या डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) लावलेलं विंडोज आहे. सेक्युअर बूटची स्थिती बदलली की ते रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती कुठे ठेवलीय हे विचारल्यावर फोनवर शांतता पसरली. म्हणून किल्ली नोंदवायचं ठरलं. 'मोकयूटिल' ला 'इम्पोर्ट' सांगून डीकेएमएसच्या फोल्डरमधली 'मोक.पब' द्यायची. ते एक पासवर्ड ठरवायला सांगतं, तो एकदाच लागतो. तो साधा ठेवा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो.

रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि काही सेकंदांत कुठलंही बटण दाबा म्हणतो. इथेच लोक चहा आणायला उठतात. बटण दाबलं नाही तर मशीन गुपचूप पुढे बूट होतं आणि इम्पोर्टपासून पुन्हा सुरुवात. मी भाच्याला पडद्यावरून नजर हलवू दिली नाही. 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रीबूट. 'एनव्हिडिया-एसएमआय' ने चौकट दाखवली, त्यात कार्डाचं नाव आणि तापमान. ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्स (कार्डावर चित्र रंगवून घ्यायची एनव्हिडियाची सोय) परत आलं.

"मग मी एएमडीचंच घ्यायला हवं होतं का?" हा प्रश्न आलाच. ड्रायव्हरपुरतं बोलायचं तर हो. एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर २०१५ मधल्या ४.२ पासून कर्नलमध्येच आहे, वरचा भाग मेसा या मुक्त ग्राफिक्स लायब्ररीत, त्यामुळे सही आणि हेडरची ही सगळी कटकट नाही. तिथे त्रास झालाच तर फर्मवेअरचं पॅकेज नसल्यामुळे, नाहीतर कार्ड नवंकोरं आणि कर्नल जुना असल्यामुळे. पण याला ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्स हवं होतं, आणि ते एनव्हिडियावरच चालतं.

एनव्हिडियाकडेही गेल्या काही वर्षांत बरंच बदललंय. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे बघत या कंपनीला बोट दाखवलं होतं (कोणतं, ते सांगत नाही). २०२२ च्या मे महिन्यात तिने कर्नल मॉड्यूलचा स्रोत खुला केला. त्यातून नवा घोळ मात्र झाला: आता मॉड्यूल दोन प्रकारची आहेत. खुलं मॉड्यूल ट्युरिंग पिढीपासून पुढे चालतं, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० या मालिकांपासून. आरटीएक्स ५० मालिकेला फक्त खुलंच चालतं, तेही ड्रायव्हरच्या ५७० किंवा त्यापुढच्या शाखेतलं. डेबियन १३ सोबत ५५० येतो, म्हणजे नवं कार्ड आणून नुसतं एपीटीवर विसंबलात तर ते चालणार नाही. मॅक्सवेल आणि पास्कल या जुन्या पिढ्यांना बंद मॉड्यूलच लागतं, आणि त्यांच्यासाठी ५८० ही शेवटची शाखा. भाच्याच्या ३०६० ला दोन्ही मॉड्यूल चालतात.

माझं स्वतःचं कार्ड जीटीएक्स १०६०, पास्कल. डेबियन १३ वर ५५० आहे तोवर माझं बरं चाललंय. त्यानंतर ५८०, आणि मग नूवो. पण पास्कलवर नूवोला कार्डाचा वेग वाढवताच येत नाही, कारण त्यासाठी लागणारं सही केलेलं फर्मवेअर त्याला मिळालेलं नाही. बूटच्या वेळच्या संथ गतीवर डेस्कटॉप चालेल, ब्लेंडर नाही. भाच्याने नवं कार्ड घेतलं तर त्याच्या ३०६० वर मी आत्ताच नंबर लावून ठेवलाय.