भजीवालीचा झारा

चाकणला दीड तास गेला, हे एकदाच लिहून टाकतो. पुणे-नाशिक रस्त्यावर नेहमी जाणारे लोक कोणत्या मातीचे असतात कोण जाणे. माझ्या शेजारचे काका खेड येईपर्यंत शांत झोपले होते. मी मात्र खिडकीतून कंटेनर मोजत आणि चिडत बसलो होतो. मंचर, कळंब, मग नारायणगाव. उतरल्याबरोबर मसाला दूध प्यायलो, द्राक्षांच्या पाट्यांकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि खोडदच्या वडापमध्ये अकरावा माणूस म्हणून कोंबला गेलो.

तारीख २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. खोडदची दुर्बीण म्हणजे जीएमआरटी, उजेडाऐवजी आकाशातून येणाऱ्या रेडिओच्या लाटा टिपणारी. तिचा परिसर या दिवसांत लोकांसाठी उघडा असतो. आसपासच्या शाळा-कॉलेजांचं प्रदर्शन भरतं आणि जत्रेसारखी गर्दी होते. हे मला कित्येक वर्षांपासून माहीत आहे. तरी गेलो नव्हतो. आमचे सर दर वर्षी फोन करायचे, "यंदा येतोस का?" मी म्हणायचो, "सर, मार्च एंड आहे." एकदा त्यांनी शांतपणे विचारलं, "फेब्रुवारीत?"

बँकेत नोकरी करणाऱ्याला फेब्रुवारीतही मार्च एंड असतो, हे खरं आहे. पण मी त्यांना दिलेलं ते उत्तर खरं नव्हतं. सर गेल्या कार्तिकात गेले. दवाखान्यात होते तेव्हा मी "पुढच्या रविवारी नक्की" असं म्हणालो होतो. तो रविवार आला, तेव्हा आदल्या गुरुवारीच सगळं आटोपलं होतं.

सर जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायचे. मूर्ती लहान, खिशाला शाईचा डाग. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी प्रयोगशाळेतला एकमेव धड गॅल्व्हानोमीटर उघडला आणि तो परत मिटलाच नाही. आता घरी पत्र जाणार म्हणून मी घाबरून उभा. सरांनी नोंदवहीत तारीख घातली, वस्तूचं नाव घातलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "विद्यार्थ्याने आत काय आहे ते पाहिले." खाली सही. पुढे ती वस्तू त्यांनी स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून आणली, हे मला शिपायाकडून कळलं.

ते नव्वदीचं दशक होतं. खोडदला या दुर्बिणीचं बांधकाम चालू होतं. कॉलेज सुटलं की सर आम्हा दोघा-तिघांना घेऊन निघायचे. ते लुनावर, आम्ही सायकलींवर, आणि चढावर आम्ही पुढे. रस्त्याकडेला कांद्याच्या वाफ्यांपलीकडे काँक्रीटचे जाड बुंधे उभे असत. काहींवर तबकडी चढलेली, काहींवर नाही. गावातल्या लोकांत त्याबद्दल अफवांना तोटा नव्हता. यामुळे पाऊस पळतो, हे तर मी माझ्या आजीकडूनच ऐकलेलं.

सर बांधावर बसून डबा उघडायचे, अर्धी भाकरी मोडून आमच्या हातावर ठेवायचे आणि ही दुर्बीण ज्यांच्या डोक्यातून निघाली त्या गोविंद स्वरूपांची गोष्ट सांगायला लागायचे. सांगायला लागायचे म्हणजे कीर्तनच. ठाकुरद्वारा नावाच्या उत्तर प्रदेशातल्या गावात १९२९ साली जन्मलेला एक मुलगा ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र शिकायला जातो. तिथे सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या आता कामाच्या नाहीत म्हणून निघणार असतात. हा म्हणतो, आमच्या देशाला द्या. त्या मिळतात, आणि बऱ्याच वर्षांनी, १९६५ साली, सूर्य बघायला उभ्या राहतात. कुठे? इथे सर थांबायचे. भाकरीचा घास तसाच हातात.

"कल्याणला!"

आम्ही हसायचो. कल्याण म्हणजे आम्हाला माळशेज उतरून मामाकडे जायचं गाव. तिथून कोणी सूर्याचं रेडिओचित्र घेत होतं, हे पचायला वेळ लागायचा. सरांना तेवढाच वेळ हवा असायचा. मधल्या काळात स्वरूप अमेरिकेत स्टॅनफर्डला पीएच.डी. करून आले होते. होमी भाभांनी बोलावलं म्हणून १९६३ साली परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. तिथे चांगलं चाललेलं सोडून आले, हे सर मुद्दाम दोनदा सांगत. आमच्यातला एक जण तेव्हा अमेरिकेची स्वप्नं बघत होता. तो गेलाही. सर त्याला विमानतळावर सोडायला गेले होते.

मग उटी. सरांच्या मते सगळ्यात सुंदर गोष्ट ही. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण, पन्हाळीच्या आकाराची. ती सपाटीवर नाही, डोंगराच्या उतारावर बांधली. उटीचे अक्षांश ११ अंश. तेवढ्याच उताराची, उत्तर-दक्षिण टेकडी शोधून काढली. दुर्बीण त्या उतारावर आडवी केली की तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर. मग आकाशातली एखादी गोष्ट उगवल्यापासून मावळेपर्यंत धरून ठेवायची, तर दुर्बिणीला एकाच आसाभोवती फिरवलं की झालं. "डोंगराला कामाला लावलं रे!" असं म्हणून सर मांडीवर थाप मारायचे. १९७० साली ती दुर्बीण चालू झाली. मी उटीला लग्नानंतर गेलो, चॉकलेट आणि निलगिरीचं तेल घेऊन आलो. दुर्बीण गावापासून जवळच होती. बघितली नाही. सरांना फोटो दाखवताना त्यांनी सगळा अल्बम उलटला, मागून पुढे पुन्हा एकदा उलटला आणि म्हणाले, "छान आलेत."

त्याच उटीच्या निरीक्षणांतून दूरच्या रेडिओ-स्रोतांचे आकार मोजून स्वरूप आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकात महास्फोटाच्या बाजूने पुरावा मांडत होते. आणि त्याच संस्थेत, १९७२ पासून, जयंत नारळीकर होते, स्थिर विश्वाच्या, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही असं मानणाऱ्या बाजूचे. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारात दोघांनी उभ्या केलेल्या संस्था एकमेकींना लागून आहेत. मला हे फार आवडतं. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून दोन माणसं सात वर्षं बोलत नाहीत.

तर यंदाचं खोडद. फाटकाशीच मोबाइल बंद करायला लावतात. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण की आपल्या खिशातला फोन म्हणजे मारुतीच्या देवळात कोणी लाउडस्पीकर लावावा तसं. डोंगरांचा आडोसा आणि रेडिओचा गोंगाट कमी, म्हणून तर ही जागा निवडली. फोन बंद झाल्यावर गर्दीचा चेहराच बदलला. लोकांचे हात मोकळे पडले आणि मोकळ्या हातांचं काय करावं हे कोणाला कळेना. मलाही. शेवटी मी ते पाठीमागे बांधले, सर बांधायचे तसे.

प्रदर्शनाबद्दल कमी लिहितो. व्हिनेगर-सोड्याचे ज्वालामुखी सात मोजले. इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारे जेसीबी त्याहून जास्त. धूळ, कर्णा, हरवलेल्या मुलाची घोषणा, पुन्हा धूळ. बसायला सावली नाही. मला गर्दी आवडत नाही आणि वय आता बावन्न आहे.

पण तबकडी जवळून बघितली आणि मी गप्प झालो. पंचेचाळीस मीटर व्यास. बी.एस्सी.ला असताना लांबून, बांधावरून बघितली होती. खाली उभं राहिल्यावर मान मोडते. आणि एवढी मोठी असून तिच्यातून आभाळ दिसतं! कारण ती पत्र्याची नाहीच. पोलादी नळ्यांच्या १६ कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले तारेचे दोर आणि त्या दोरांवर बांधलेली स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी. जाळीची तार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड, भोकं एक ते दोन सेंटीमीटरची. वारा आरपार जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून सांगाडा हलका. सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. अशा एक नव्हे, तीस. चौदा मधल्या एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत २५ किलोमीटर. या दुर्बिणीचा घाट स्वरूपांनी १९८४ साली घातला, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. आमच्या बँकेत त्या वयात लोक ग्रॅच्युइटीचा हिशोब करतात. मीही करतो, दर महिन्याला, एक्सेलमध्ये.

तबकडीपाशी एक तरुण संशोधक मुलगी माहिती देत होती. चांगली सांगत होती, पण भोवती दोनशे माणसं. मागे उभ्या असलेल्या, जिल्हा परिषद शाळेच्या गणवेशातल्या एका मुलाला काहीच ऐकू येत नव्हतं. तो स्वतःशीच, पण मोठ्यांदा म्हणाला, "एवढी भोकं. समदं गळून नाय का जायचं?"

हा प्रश्न मी तीस वर्षांपूर्वी विचारला होता. सरांनी तेव्हा काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते वर्गात घरातली चाळण घेऊन आले. पिठाची. एका पुडीत मैदा, एका पुडीत शेंगदाणे. टेबलावर सगळा पसारा केला. मैदा म्हणजे उजेड, त्याची लाट इतकी बारीक की जाळीतून निघून जाते. शेंगदाणा म्हणजे रेडिओची लाट, हातभर, वीतभर. तिला एक सेंटीमीटरचं भोक म्हणजे भिंतच. मग आम्ही शेंगदाणे खाल्ले.

माझ्याकडे चाळण नव्हती. बाहेर भज्यांची गाडी होती. मी त्या मुलाचा दंड धरला, गाडीपाशी नेलं आणि भजीवालीच्या हातातला झारा घेतला. मागितला असं म्हणवत नाही. "हे बघ. तेल खाली गळतं का? आणि भजं? ते वर राहतं. उजेड म्हणजे तेल..." माझा आवाज वर्गात शिकवल्यासारखा चढलेला. मी आयुष्यात कधीही वर्गात शिकवलेलं नाही.

"ओ भाऊ, झारा द्या! घाणा करपतोय!"

"एक मिनिट ताई."

मुलगा झाऱ्याकडे बघत होता. तेलाचे थेंब त्याच्या पायताणावर पडत होते. मी सांगत सुटलो. सर्वांत साधी गोष्ट म्हणजे हायड्रोजन, त्याची लाट २१ सेंटीमीटरची. लांबून येता येता विश्व पसरतं तशी तीही ताणली जाते. याच तबकड्यांनी साधारण ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेली अशी लाट पकडली, ती इथे पोचेपर्यंत दुप्पट झाली होती, ४२ सेंटीमीटर. हे निष्कर्ष २०२० च्या ऑक्टोबरात आले. स्वरूप ७ सप्टेंबरला गेले होते. ही बातमी वाचून सरांनी मला बँकेत फोन केला होता. काउंटरवर रांग, तोंडावर मास्क. ते म्हणाले, "महिनाभर थांबायला हवं होतं रे त्यांनी." मी म्हणालो, "सर, कस्टमर आहे, नंतर करतो." नंतर केला नाही. हे मुलाला अर्थातच सांगितलं नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण लाटंला कसं कळतं, भोक ल्हान हाय का मोठं? तिला डोळं हायेत का?"

मी तोंड उघडलं. तारेतले इलेक्ट्रॉन हलतात, त्यांची उलटी लाट निघते, असं काहीसं आठवत होतं, पण मधल्या भोकाचं काय, तिथे तर तारच नाही, हे मला त्या क्षणी नीट सांगता येईना. बाबापुता करून वेळ मारून नेता आली असती. बँकेत मी रोज तेच करतो.

"मला नीट माहीत नाही," मी म्हणालो. "तू शोधून काढ आणि मला सांग." हे वाक्य सरांचं. ते आठवड्याला दोनदा तरी म्हणायचे.

"सांगंन. पण तुमी कुटं घावणार?"

सर घावायचे. प्रयोगशाळेत, बांधावर, रात्री दहाला घरी, पुढे लँडलाइनवर, त्याच नंबरवर. मी त्या मुलाला व्हिजिटिंग कार्ड देणार होतो. हात खिशाकडे गेलासुद्धा. कार्डावर बँकेचं बोधचिन्ह आणि बदली झालेल्या शाखेचा पत्ता.

"इथंच," मी म्हणालो. "पुढच्या २८ तारखेला. या गाडीपाशी."

"फेब्रुवारीच्या?"

"फेब्रुवारीच्या."

त्याच्या बाईंनी रांगेतून हाक मारली आणि तो पळाला. नाव विचारायचं राहिलं. भजीवालीने झारा काढून घेतला, काळी पडलेली भजी उपसली आणि पुढच्या वर्षी गाडी फाटकाच्या उजव्या अंगाला असेल, डावीकडे ऊन लागतं, एवढं सांगितलं. करपलेल्या घाण्याचे साठ रुपये मात्र घेतलेच. ती भजी पेपरात बांधून घेतली. चाकणला परत दीड तास होता, संपली.