पाणी किती झालं?

पुण्यात डोंगर दिसणारी खिडकी हवी असेल तर तिचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि दोन वर्षांत त्या खिडकीसमोर दुसरी इमारत उभी राहते. म्हणूनच कोल्हापूरला कायमचं राहायला जावं असं बरेच दिवस डोक्यात घोळतंय. यंदा जुलैत तिथल्या शुक्रवार पेठेत आत्याकडे गेले ती थोडी त्याच हिशेबाने.

अंबाबाईचं दर्शन, मिसळ, रंकाळ्याला एक फेरी हे सगळं झालं. त्याबद्दल लिहीत नाही, सगळ्यांनी लिहिलंय. छोटं शहर म्हणजे शांत शहर असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. महाद्वार रोडवर रविवारी चालून बघा. आणि पाहुणचार म्हणाल तर तो इथे विचारून करत नाहीत. ‘पुरे’ म्हटलं की वाटीत आणखी एक पळी पांढरा रस्सा पडतो.

रविवारी दादाने मसाई पठारावर नेलं. पन्हाळ्याच्या पुढे, शहरातून निघाल्यापासून तास-दीड तासात आपण ढगात उभे! कातळावर मातीचा जेमतेम थर, त्यावर पसरलेलं गवत, आणि वारा असा की छत्री उघडण्यात अर्थ नाही. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे पायी निघालेली पोरं रेनकोटात घोषणा देत गेली, त्यांचं काही वाटलं नाही. पण गवतावर थेट गाड्या चढवून, डिकी उघडून, स्पीकर लावून बसलेली मंडळी बघून डोकं फिरलं. ज्या थरावर पावसाळ्यानंतर फुलं येतात, त्याच्यावर टायरचे चर. गाड्यांचे नंबर पाहिले तर त्यात माझ्याच शहराच्या गाड्या कमी नव्हत्या, म्हणून गप्प बसले. संध्याकाळी सहाला आम्ही परत घरी, चहाच्या वेळेला. दादाच्या दृष्टीने ही सहल नव्हतीच. रविवारी दुपारी काय करायचं, तर हे.

पण मला खरं सांगायचंय ते नदीबद्दल.

सकाळी उठले तर मामा पेपर वाचत नव्हते, मोबाइलवर बघत होते. स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला, “किती झालं?”

“छत्तीस फूट आठ इंच.”

“आणि राधानगरी?”

“भरत आलंय. दरवाजं उघडतील आज.”

एवढं झालं आणि पोहे आले. मला आधी वाटलं, काही काळजीचं आहे. पण वाण्याकडे गेले तर तिथेही हेच. रिक्षावाला हेच विचारतोय, समोरच्या घरातला शाळकरी मुलगाही. घरात आजारी म्हातारं माणूस असावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने आधी ताप विचारावा, तसं सगळं शहर पंचगंगेची पातळी विचारत असतं. राजाराम बंधाऱ्यावर ती मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. हे आकडे इथे कुणी पाठ करत नाही, ते असतातच.

मामांनी मला बसवून राधानगरी शिकवलं. शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण. त्याला सात स्वयंचलित दरवाजे. तळं भरलं की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात, बटण दाबणारा कुणी लागत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. “चार उघडलं तर किती?” असं त्यांनी मला विचारलं. मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढेपर्यंत त्यांनी तोंडी सांगून टाकलं. मामा उभ्या आयुष्यात पाटबंधारे खात्यात नव्हते. त्यांचं कापडाचं दुकान होतं.

संध्याकाळी आत्या म्हणाली, “चल की, पाणी बघून येऊया.” देवळात जाताना नेसते तशी साडी नेसून निघाली. घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अर्धी पेठ चाललेली. कडेवर पोरं, हातात भाजलेली कणसं, एक पोलीस शिट्टी मारून पोरांना मागे हटवतोय आणि स्वतःही मधूनमधून वळून बघतोय. घाटाच्या पायऱ्या गेलेल्या, लहान देवळांची फक्त शिखरं वर. लालसर गढूळ पाणी, त्यावर उसाची पानं, एखादं ओंडकं, आणि वेग असा की एका जागी नजर ठरत नाही. शेजारचे एक आजोबा कुणालातरी सांगत होते, “हे कासारी-कुंभीचं हाय. भोगावतीचं अजून यायचंय.” कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, हे मी शाळेत शिकले असेन, पण कुठलं पाणी कधी पोचेल यावर वाद घालणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली. त्या वादात एक भाजीवालीही पडली, आणि तिचंच सगळ्यांनी ऐकलं, कारण तिचं गाव वरच्या अंगाला होतं.

आत्याने खण-नारळाने नदीची ओटी भरली. “गुमान जा बाई,” एवढंच म्हणाली.

मला हेवा वाटला. आमच्याकडे मुठा वाहते, पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की आम्ही फक्त भिडे पूल बंद झाला का एवढंच विचारतो, कारण ऑफिसला उशीर होतो. निसर्गाच्या जवळ राहायचं म्हणजे बाल्कनीतून हिरवं दिसायचं, अशी माझी कल्पना. इथे तो दिसतो कमी आणि घरात बोलण्यात जास्त असतो.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं, जरा भारावूनच. ती कांदा चिरत होती. म्हणाली, “राहा की. आमची पोरं पुण्याला, तू हिकडं.” मग २०१९चं सांगितलं. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, शहराचा रस्ताच तुटला. पेट्रोल नाही, दूध नाही. कोल्हापुरात दूध नाही! ते सांगताना पहिल्यांदाच तिचा हात थांबला.

तरीही निघायच्या आधी एक भाड्याचं घर बघून आलेच. तळमजला, पुढे मोकळं अंगण, मागे उसाचा मळा, भाडं ऐकून हसू आलं इतकं कमी. एजंट म्हणाला, “मॅडम, एकदम निसर्गरम्य.” भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर दोन पुसट तपकिरी रेघा होत्या. मी बघतेय हे शेजारच्या काकूंनी पाहिलं आणि न विचारताच सांगितलं, “खालची एकोणीसची, वरची एकवीसची.”

तिसऱ्या मजल्यावर काही आहे का, असं मी एजंटला विचारलं. आहे म्हणाला, भाडं दोन हजार जास्त.