विहिरीवरच्या डब्यातले सिग्नल-सीएलआय आणि त्याखालची उतरंड

यावल तालुक्यातल्या आमच्या शेतात विहिरीवरच्या खोलीत, स्टार्टरच्या पेटीशेजारी, एक प्लास्टिकचा डबा भिंतीला बसवलेला आहे. त्यात एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक; पुढे नुसता 'पाय'), एक छोटी बॅटरी आणि वीज आली की जुळणारा एक रिले एवढेच सामान आहे. शेतीची थ्री फेज लाइट पाळीप्रमाणे कधी दिवसा येते, कधी रात्री. ती आली की रिले जुळतो आणि पायवरच्या सिग्नल-सीएलआय या प्रोग्राममधून घरच्या सिग्नल (व्हॉट्सअ‍ॅपसारखे, पण खासगीपणावर भर देणारे निरोपांचे अ‍ॅप) गटावर "लाइट आली" एवढा निरोप जातो. केळीच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह हाताने बदलावे लागतात, त्यामुळे लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा नुसता ऑटो लावून भागत नाही, आणि रात्री दोन वाजता कोणी शेतात जायचे की नाही हे त्या दोन शब्दांवर ठरते.

हा निरोप साध्या एसएमएसने का पाठवला नाही, असे मला अनेकांनी विचारले. आमच्या शिवारात मोटारीच्या तांब्याच्या केबलची चोरी ही नेहमीची गोष्ट आहे. विहिरीवर कोण केव्हा असते आणि केव्हा नसते, ही माहिती त्या निरोपांच्या वेळांवरून कोणालाही काढता येते, म्हणून ती घरच्या माणसांबाहेर जाऊ नये अशी माझी इच्छा होती. व्हॉट्सअ‍ॅपसाठीही गो भाषेतले व्हॉट्समिआउ आणि टाइपस्क्रिप्टमधले बेलीज अशी अनधिकृत साधने आहेत. परंतु असे क्लायंट त्या सेवेच्या अटींत बसत नाहीत आणि नंबर बंद होऊ शकतो, त्यामुळे तो मार्ग मी सोडला.

सिग्नल-सीएलआय हा सिग्नलचा अधिकृत प्रोग्राम नाही. तो जावा भाषेत लिहिलेला, जीपीएल परवान्याखालील मुक्त प्रोग्राम आहे, आणि सर्व्हरवरून सूचना पाठवणे हाच त्याचा मुख्य हेतू असल्याचे त्याचे कर्ते स्वतःच सांगतात. सिग्नलची अनधिकृत क्लायंटबाबतची भूमिका पहिल्यापासून थंड राहिलेली आहे. 2016 साली लिब्रसिग्नल या अनधिकृत क्लायंटच्या प्रकल्पाच्या वेळी सिग्नलचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी आमचे सर्व्हर आणि आमचे नाव तुम्ही वापरलेले मला मान्य नाही, असे स्पष्ट सांगितले होते. म्हणजे आपण ज्या दारातून आत जातो ते आपल्यासाठी उघडे ठेवण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही, हे मनाशी धरूनच हे काम करावे लागते.

आमच्या जुन्या घरात माजघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती. वरच्या गाडग्यात मीठ-मिरची, आणि सर्वांत खालच्या मोठ्या रांजणात धान्य. हात नेहमी वरच्या गाडग्यात जाई, पण भार सगळा खालच्या रांजणावर असे. सिग्नल-सीएलआयची रचना मला तशीच दिसते. आपण आज्ञा देतो तो भाग सर्वांत वरचा आणि सर्वांत हलका आहे. त्याखाली आर्गपार्सफोरजे, जॅक्सन, बाउन्सी कॅसल, एसक्यूलाइटचा जावा चालक अशा ग्रंथालयांची, म्हणजे इतरांनी आयत्या लिहून ठेवलेल्या कोडसंचांची, रांग आहे. त्याखाली सिग्नलच्या अँड्रॉइड अ‍ॅपमधूनच घेतलेले, बाहेर वापरता यावे म्हणून दुरुस्त केलेले सर्व्हिस ग्रंथालय आहे. आणि अगदी तळाला रस्ट भाषेतले लिबसिग्नल आहे. संदेश कुलूपबंद करणाऱ्या गुप्त किल्ल्या तयार करणे, डबल रॅचेटच्या पद्धतीने प्रत्येक संदेशाची किल्ली बदलत नेणे, 2023 पासून आलेली क्वांटम संगणकालाही तोंड देऊ शकेल अशी किल्ली जुळवणी, हे सर्व काम तिथे होते.

2024 च्या पावसाळ्यात मी हे बसवायला घेतले तेव्हा वरच्या थरातच पहिली अडचण आली. पायवरच्या, डेबियन 12 या लिनक्सवर आधारित प्रणालीत जावा 17 मिळते आणि सिग्नल-सीएलआयला 21 हवे होते. पडद्यावर अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर अशी ओळ आली आणि पुढे 65.0 आणि 61.0 असे दोन आकडे होते. पहिला आकडा म्हणजे जावा 21 च्या फायलीचा क्रमांक आणि दुसरा म्हणजे आमचे जावा 17 वाचू शकते ती मर्यादा. एवढे समजले की उपाय सोपा होता; जावा 21 वेगळे आणून बसवले.

तळाच्या रांजणाने मात्र आठवडा घेतला. लिबसिग्नलची जी जार फाइल (जावा प्रोग्रामचे गाठोडे) प्रोग्रामसोबत येत होती तिच्यात नेहमीच्या संगणकांतल्या एक्स86 प्रोसेसरवरचे लिनक्स, विंडोज आणि मॅक यांसाठीचा यंत्रभाषेतला भाग होता, पायमधल्या एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्ससाठीचा नव्हता. जावा कुठेही चालते हे खरे, परंतु जावाच्या पोटात रस्टचा भाग असेल तर तो त्या-त्या प्रोसेसरसाठी वेगळा बांधावा, म्हणजे मूळ कोडवरून यंत्रभाषेत उतरवावा लागतो. त्यासाठी रस्टची ठरवून दिलेली आवृत्ती, सीमेक, क्लँग आणि प्रोटोबफचा कंपायलर एवढी सर्व बांधकामाची साधने आणावी लागली. आमच्या 1 जीबी मेमरीच्या पायवर ते बांधकाम अर्ध्यावरच बंद पडे. शेवटी जळगावच्या एका मित्राकडील 8 जीबीच्या पायवर ते केले. मुद्दाम तीच डेबियन 12 प्रणाली ठेवली, कारण तिच्यात जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत ग्रंथालयाची 2.36 आवृत्ती आहे आणि त्याहून नव्या प्रणालीवर बांधलेली फाइल जुन्या प्रणालीवर चालेलच असे नसते.

काही स्वयंसेवक ही फाइल आयती बांधून इंटरनेटवर ठेवतात. त्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही, तरी मी ती घेतली नाही. आपल्या खासगी किल्ल्या ज्या फाइलच्या हातातून जातात ती कोणी, कोणत्या यंत्रावर बांधली हे मला माहीत असायला हवे, असे मला मनापासून वाटते. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या अगदी साध्या, फाइल आकुंचित करणाऱ्या साधनात पेरलेला चोरदरवाजा सापडला, तोही आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला म्हणून. त्या साधनाचे नाव रोजच्या वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याआधी वाचले असेल?

याच कारणासाठी मी विहिरीवरचा पाय माझ्या फोनला जोडलेले उपकरण म्हणून लावला नाही. जोडलेल्या उपकरणाला माझे सगळे पुढचे संदेश वाचता आले असते, आणि किल्ल्या तर त्या मेमरी कार्डवरच्या एका फोल्डरमध्ये असतात. डबा चोरीला गेला तर कार्डही जाणार. म्हणून त्याच्यासाठी वेगळे सिमकार्ड घेतले, वेगळी नोंदणी केली आणि त्याला फक्त घरच्या गटात ठेवले.

नऊ महिने सगळे सुरळीत चालले. मी मधूनमधून नवी आवृत्ती टाकत असे, पण त्या हिवाळ्यात कामाच्या गर्दीत ते राहून गेले. एप्रिलमधल्या एका सकाळी आबांचा फोन आला.

"काय रे, दोन दिवस झाले, रात्रीची लाइटच आली नाही का?"

लाइट दोन्ही रात्री आली होती. निरोप गेला नव्हता. पारा त्रेचाळिसावर होता, आणि बागेच्या पश्चिमेकडच्या ओळींची पाने मधल्या शिरेशी दुमडून खाली लोंबत होती. अधिकृत सिग्नल अ‍ॅपची प्रत्येक आवृत्ती सुमारे तीन महिन्यांनी कालबाह्य होते आणि त्यानंतर सर्व्हर जुन्यांना न जुमानता बदलू शकतो. त्यामुळे तीन महिन्यांहून जुने सिग्नल-सीएलआय नीट चालेलच असे नाही, हे त्याच्या माहितीपानावर स्वच्छ लिहिलेले आहे. ते मी वाचलेले होते. माझी आवृत्ती पाच महिन्यांची झाली होती.

नवी आवृत्ती टाकली तर तिला लिबसिग्नलही नवे हवे होते, आणि माझी हाताने बांधलेली फाइल जुन्याच आवृत्तीची होती. पुन्हा जळगाव, पुन्हा बांधकाम. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निरोप सुरू झाले. तोवर आबा रोज रात्री बाराला आणि तीनला उठून बॅटरी घेऊन विहिरीवर जाऊन येत होते. त्यांचे वय एकाहत्तर आहे.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी नव्या आवृत्तीची डिजिटल सही (फाइल मूळ कर्त्यांचीच असल्याची खूण) तपासतो, लिबच्या फोल्डरमध्ये लिबसिग्नल-क्लायंटच्या जारच्या नावात कोणता क्रमांक आहे ते पाहतो, आणि तो बदललेला असेल तर आधी फाइल बांधून घरच्या दुसऱ्या पायवर चार दिवस चालवतो. लाइट आल्यावरच निरोप पाठवणे हेही बदलले आहे. विहिरीवरचा पाय रोज सायंकाळी सात वाजता "मी चालू आहे" असे कळवतो. सव्वासातपर्यंत तो निरोप दिसला नाही तर आबा मला फोन करतात आणि त्या रात्री मी यावलला मुक्कामाला जातो.